आसनाचे हात

खुर्ची, कोच, बाक, आरामखुर्ची यांसारख्या आसनांना बसणाऱ्याचे कोपर व हाताचा पुढचा भाग टेकविता यावा म्हणून दोन्ही बाजूंना जे आधार जोडलेले असतात, त्यांस आसनाचे हात म्हणतात. मराठीत ‘हातांची खुर्ची’ व ‘बिनहातांची खुर्ची’ असा भेद रूढ आहे. हातांची कामे मुख्यतः चार : बसणाऱ्याच्या हातांचा भार पेलणे, बसताना व उठताना आधार देणे, कडेला कलू न देणे आणि शेजारी-शेजारी असलेल्या दोन आसनांमधील हद्द दाखविणे. यांपैकी पहिली तीन कामे शरीराशी, तर चौथे समाजाशी निगडित आहे. एकट्याच्या खुर्चीत ही कामे एकमेकांस पूरक ठरतात. सामायिक आसनात मात्र त्यांच्यात विरोध निर्माण होतो. एकाच्या कोपराचा आधार दुसऱ्याच्या बसण्याआड येतो. आसनाच्या हातांसंबंधीचे बहुतेक वाद या विरोधातून उद्‌भवलेले आहेत.

इतिहास : हात असलेल्या खुर्च्यांचे सर्वांत जुने नमुने प्राचीन ईजिप्तमध्ये आढळतात. गीझा येथे १९२५ मध्ये सापडलेल्या हेटेफेरीस राणीच्या थडग्यात (इ. स. पू. सु. २६००) तिची सोन्याने मढविलेली खुर्ची होती, तिच्या हातांखालील जागेत एकत्र बांधलेल्या तीन पपायरस फुलांची आकृती आहे. तूतांखामेन याच्या १९२२ मध्ये सापडलेल्या थडग्यातील सिंहासनाचे हात पंख पसरलेल्या नागांच्या आकाराचे आहेत. दोन्ही उदाहरणांत हात हा केवळ आधार नसून तो बसणाऱ्याच्या अधिकाराचे चिन्ह आहे. ग्रीकांची ‘क्लिस्मॉस’ ही वक्र पायांची घरगुती खुर्ची मात्र बिनहातांची होती.

पुढे यूरोपातील दरबारांत हातांच्या खुर्चीवर बसण्याचा मान कोणास आहे, याचे काटेकोर नियम झाले. फ्रान्सचा राजा चौदावा लूई याच्या दरबारात हातांची खुर्ची राजा व राणी यांच्यासाठी असे. पाठ असलेली पण बिनहातांची खुर्ची त्याखालोखालच्या राजकुलीनांना मिळे, तर डचेस पदवीच्या स्त्रियांना पाठ व हात दोन्ही नसलेल्या तिवईवर बसण्याचा मान होता आणि तोही मोठा समजला जाई. इतरांनी उभे राहावयाचे असे. आजही कार्यालयातील प्रमुखाची खुर्ची उंच पाठीची व हातांची आणि समोरच्या अभ्यागतांची बिनहातांची असते, ती या परंपरेची दूरची आठवण होय.

भारतीय परंपरा : मराठीतील ‘खुर्ची’ हा शब्द मूळ अरबी ‘कुर्सी’ या शब्दावरून आला. सिंहासन, मंचक, चौरंग, पाट ही आसने भारतात प्राचीन काळापासून होती. तथापि सर्वसामान्य बैठक जमिनीवरचीच होती. मांडी घालून बसणाऱ्यास हात टेकण्यासाठी त्याची स्वतःची मांडी व गुडघे उपलब्ध असतात. त्यामुळे आसनाला हात जोडण्याची निकड नव्हती. ज्यांना दीर्घकाळ बसावे लागे त्यांच्यासाठी गादीवर लोड, तक्क्या व गिरदी यांची योजना असे. लोडावर कोपर टेकवून कललेला सरदार किंवा सावकार मराठेशाहीच्या काळातील चित्रांत नेहमी दिसतो. हा लोड म्हणजे हलविता येणारा आसनाचा हातच होय. तो एका बाजूस घ्यावा, दोन्ही बाजूंस घ्यावा किंवा पाहुण्याकडे सरकवावा, अशी मोकळीक त्यात होती. ‘लोडाला टेकून बसणे’ या शब्दप्रयोगास निवांतपणाचा व प्रतिष्ठेचा अर्थ आला तो यामुळेच.

योगी व बैरागी यांच्या जमिनीवरील बैठकीसाठी दोन खास साधने होती. पाठ व गुडघे यांभोवती बांधावयाचा योगपट्ट बैठक स्थिर ठेवी. हंपी येथील नरसिंहाच्या भव्य मूर्तीच्या गुडघ्यांभोवती तो कोरलेला दिसतो. दुसरे साधन म्हणजे योगदंड अथवा कुबडी. आखूड दांड्याच्या टोकाशी आडवा किंवा चंद्रकोरीसारखा आधार असलेले हे साधन जप करताना हाताखाली घेत. समर्थ रामदासांची अशी कुबडी सज्जनगडावर जतन केलेली असून तिच्यात गुप्ती आहे.

सामायिक बैठकीची भारतीय साधने बहुधा बिनहातांची आहेत. झाडाभोवतीचा पार, घरापुढील ओटा, ओसरी, नदीचा घाट व शहरातील कट्टा यांवर माणसांची संख्या ठरलेली नसते. नवा माणूस आला की आधीचे सरकतात. घरातील झोपाळ्यावर कडेच्या दोघांना कडीचा आधार मिळतो, मधल्याला तो मिळत नाही. तरीही झोपाळ्यावर दोघे बसावेत की चौघे हे घरच्यांवर अवलंबून असते. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या राहाता तालुक्यातील पुणतांबा या गोदावरीकाठच्या गावात अहिल्याबाई होळकर यांच्या नावाशी निगडित घाट असून तेथेच योगी चांगदेव यांची समाधी आहे. चांगदेव व ज्ञानेश्वर यांच्या भेटीची आख्यायिका आसनांच्या दृष्टीनेही लक्षणीय आहे. चांगदेव वाघावर आरूढ होऊन आले, तर निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान व मुक्ताबाई ही चार भावंडे एकाच भिंतीवर बसून सामोरी गेली, असे ती सांगते. एका बाजूस एकट्याचे अद्‌भुत वाहन आणि दुसऱ्या बाजूस चौघांची सामायिक, साधी बैठक असा हा विरोध आहे. लोकमानसाने मोठेपणा दिला तो सामायिक बैठकीस.

खुर्चीचा प्रसार : पोर्तुगीज व इंग्रज यांच्या संपर्काने हातांची खुर्ची पश्चिम भारतात रुजली. गोव्यातील घरांच्या दर्शनी ‘बाल्कांव’मध्ये दोन्ही बाजूंना बांधीव बैठका असतात. त्यांवर समोरासमोर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलता येते. घरातील दिवाणखान्यात वेताने विणलेल्या कोरीव हातांच्या खुर्च्या ठेवण्याची पद्धत पडली. ब्रिटिश अमदानीतील डाक बंगले व विश्रामगृहे यांत लांब हातांची आरामखुर्ची प्रचारात आली. तिच्या हातांखालील फळ्या पुढे फिरवून त्यांवर पाय पसरता येत. लष्कराच्या छावणीसाठी वापरली जाणारी रूडकी खुर्ची सुटी करून बांधून नेता येई व तिचे हात चामड्याच्या पट्ट्यांचे असत. या साध्या बांधणीचा प्रभाव विसाव्या शतकातील डॅनिश खुर्च्यांवरही पडला.

याउलट मुंबई-पुण्यातील इराणी हॉटेलांतील खुर्ची बिनहातांची राहिली. वाफेने वाकविलेल्या लाकडाची ही खुर्ची ऑस्ट्रियातील टोनेट यांच्या १८५९ च्या सुप्रसिद्ध नमुन्याच्या कुळातील आहे. हात नसल्यामुळे ती संगमरवरी टेबलाखाली पूर्ण सरकते, एका टेबलाभोवती जास्त गिऱ्हाईक बसते आणि अनोळखी माणसाला त्याच टेबलाशी जागा करून देता येते. लग्नमंडपातील घडीची लोखंडी खुर्ची याच कारणाने बिनहातांची असते. एकाच साच्यातून काढलेल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीने मात्र हातांची खुर्ची खेडोपाडी स्वस्तात पोहोचविली. फ्रान्समध्ये १९७२ मध्ये आँरी मासोने यांनी तयार केलेली खुर्ची हा या प्रकाराचा महत्त्वाचा आरंभीचा नमुना होय. त्यात हात हा पाठ व पुढील पाय यांना जोडणारा ताणा असल्याने पातळ प्लॅस्टिकलाही ताठपणा येतो. एकेकाळी अधिकाराचे चिन्ह असलेला हात अशा रीतीने केवळ बांधणीची सोय बनला.

शरीर व मापे : खांद्यापासून बोटांपर्यंत एका हाताचे वजन शरीराच्या वजनाच्या सु. ५ टक्के असते. म्हणजे ६० किग्रॅ. वजनाच्या माणसाचे दोन्ही हात मिळून सु. ६ किग्रॅ. भरतात. कोपरांना आधार नसल्यास हा भार मान व खांदे यांच्या स्नायूंना सतत तोलावा लागतो. आधार मिळताच स्नायूंचा ताण कमी होतो आणि कण्याच्या कमरेकडील चकत्यांवरील दाबही घटतो.

हाताचा खरा उपयोग उठताना जाणवतो. बसलेला माणूस उभा राहतो तेव्हा शरीराचा भार प्रथम पुढे झुकतो आणि नंतर गुडघे व नितंब यांच्या सांध्यांवरून वर उचलला जातो. तळहातांनी आसनाच्या हातांवर जोर दिल्यास गुडघ्यांवरील भार पुष्कळच कमी होतो. म्हणून संधिवात झालेले रुग्ण, वृद्ध, गरोदर स्त्रिया, तसेच शस्त्रक्रियेनंतर चालू लागलेले रुग्ण यांच्या बाबतीत हात ही चैनीची वस्तू नसून उठता येणे व न येणे यांतील फरक ठरते. यासाठी हात आसनाच्या पुढील कडेपर्यंत आलेला व टोकाशी मुठीत धरता येण्याजोगा असावा लागतो. पाठीशीच संपणारा आखूड हात कोपर टेकण्यास पुरतो, उठण्यास पुरत नाही.

हाताची उंची आसनाच्या पृष्ठापासून साधारणतः २० ते २५ सेंमी. असते. ती याहून बरीच जास्त असल्यास खांदे वर उचलले जातात व मान अवघडते. कमी असल्यास माणूस एका बाजूस कलतो. दोन हातांमधील मोकळी जागा सु. ४५ ते ५० सेंमी. ठेवतात. ती अपुरी असल्यास स्थूल व्यक्तीला बसता येत नाही, अवास्तव मोठी असल्यास कोपर फाकून आधार निरुपयोगी होतो. कोपराच्या आतल्या बाजूस हाडाच्या खाचेतून एक तंत्रिका जाते. कठीण कडेवर कोपर दीर्घकाळ दाबून ठेवल्यास करंगळी व अनामिका बधिर होतात. यासाठी हाताचा पृष्ठभाग रुंद, गोलसर कडांचा व शक्यतो मऊ करतात. लिहिण्याच्या टेबलाशी वापरावयाच्या खुर्चीचे हात टेबलाच्या फळीखाली जातील इतके ठेंगणे किंवा आखूड असावे लागतात. तसे नसल्यास माणूस टेबलापासून दूर बसतो व पाठीस पोक येतो.

महाविद्यालयांत वापरली जाणारी, एका हाताला लिहिण्याची फळी जोडलेली खुर्ची हा एक विशेष प्रकार होय. फळी बहुधा उजव्या हाताला असते. डावखुऱ्या विद्यार्थ्यास त्यामुळे अंग पिळून लिहावे लागते आणि तीन तासांच्या परीक्षेत ही गैरसोय किरकोळ राहत नाही. चाकांच्या खुर्चीचे हात काढता किंवा उचलता येण्याजोगे करतात, कारण खुर्चीतून पलंगावर किंवा दुसऱ्या आसनावर सरकताना तोच हात अडथळा ठरतो. या प्रकारात हाताचे महत्त्व तो असण्याइतकेच, हवा तेव्हा नाहीसा होण्यातही आहे.

सामायिक आसने : एका रांगेत शेजारी-शेजारी असलेल्या आसनांत दोहोंमध्ये एकच हात ठेवण्याची पद्धत आहे. त्यामुळे आसनांच्या संख्येपेक्षा हातांची संख्या एकाने जास्त भरते, तर कोपरांची संख्या आसनांच्या दुप्पट असते. तीन आसनांच्या रांगेत चार हात व सहा कोपर. वीस आसनांच्या रांगेत एकवीस हात व चाळीस कोपर असा हिशेब होतो. आसने जितकी, त्याहून एक कमी इतका हातांचा तुटवडा प्रत्येक रांगेत असतो. नाट्यगृहात, चित्रपटगृहात किंवा विमानात कोपरांची जी मूक ओढाताण चालते, तिचे कारण शेजाऱ्याच्या स्वभावात असण्यापूर्वी या हिशेबात असते. कडेच्या दोघांना एकेक हात निर्विवाद मिळतो. मधल्याला तसा एकही मिळत नाही. म्हणून तीन आसनांच्या रांगेत मधल्याने दोन्ही हात वापरावेत असा संकेत पुष्कळ प्रवासी पाळतात. हा नियम नसून केवळ समजूत आहे, पण ती हिशेबाला धरून आहे. दोन पातळ्यांचा हात, मध्ये पट्टी असलेला रुंद हात किंवा दोन आसने किंचित पुढेमागे ठेवणे, हे या अडचणीवरील तांत्रिक उपाय होत. त्या सर्वांस जागा किंवा पैसा जास्त लागतो.

महाराष्ट्रातील करमणुकीच्या जागांत दोन्ही पद्धती दिसतात. तमाशाच्या कनातीत प्रेक्षक जमिनीवर दाटीवाटीने बसतात व गर्दीप्रमाणे जागा होत जाते. पुण्यातील १९६८ मध्ये सुरू झालेल्या बालगंधर्व रंगमंदिरासारख्या नाट्यगृहांत हातांच्या क्रमांकित खुर्च्या असतात व तिकीट म्हणजे दोन हातांमधील निश्चित जागेवरचा हक्क असतो. क्रमांक व हात या दोन गोष्टी बहुधा बरोबरच येतात.

वाहतुकीत हा भेद अधिक स्पष्ट होतो. राज्य परिवहनाची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुणे व अहमदनगर यांदरम्यान धावली; त्या काळच्या गाड्यांची बांधणी लाकडी व गाद्या काथ्याच्या होत्या. एसटीच्या साध्या गाडीत दोघांच्या व तिघांच्या बाकांवर प्रवाशांमध्ये हात नसे. १९८२ च्या दिल्ली येथील आशियाई क्रीडास्पर्धांनंतर महाराष्ट्रात आलेल्या व ‘एशियाड’ या नावाने ओळखल्या गेलेल्या निमआराम गाड्यांनी दोन-दोन आसनांची मांडणी लोकप्रिय केली.

रेल्वेत तिसऱ्या वर्गाचे लाकडी बाक दीर्घकाळ बिनहातांचे व बिनगादीचे होते. तिसरा वर्ग १९७४ मध्ये नावाने रद्द झाला. अहमदनगर येथे जन्मलेले मधु दंडवते हे १९७७ ते १९७९ या काळात रेल्वेमंत्री असताना दुसऱ्या वर्गाच्या शयनयानातील लाकडी फळ्यांवर दोन इंच जाडीच्या फोमच्या गाद्या बसविण्यास प्रारंभ झाला. गादी आली, तरी दिवसा बसणाऱ्या तिघांमध्ये हात आला नाही. कारण तीच जागा रात्री निजण्याची आहे. अनारक्षित डब्यात हात नसल्यामुळेच तिघांच्या बाकावर चौथा व पाचवा बसू शकतो. मुंबईच्या उपनगरी गाडीतील ‘चौथी सीट’ ही संस्था अशाच बिनहातांच्या बाकावर उभी आहे. तिघांनी थोडे सरकावे व चौथ्याने कडेला टेकावे, हा तेथील अलिखित करार होय. बाकाला मधले हात असते, तर हा करार झालाच नसता.

पुणतांबा हे स्थानक या संदर्भात उद्‌बोधक आहे. दौंड-मनमाड हा लोहमार्ग १८७८ मध्ये सुरू झाला. त्यावरील पुणतांब्याहून शिर्डीकडे जाणारा फाटा २००९ मध्ये सुरू झाल्यावर हे जंक्शन झाले. मुंबई-साईनगर शिर्डी वंदे भारत ही वातानुकूलित गाडी १० फेब्रुवारी २०२३ पासून याच मार्गाने जाते. तिच्यातील प्रत्येक आसन क्रमांकित व हातांचे आहे. जागा संपली की जास्त माणसांना घेतले जात नाही. दौंड-मनमाड मार्गावरील गाड्यांच्या अनारक्षित डब्यांत मात्र जागा संपणे ही कल्पनाच लवचीक आहे. पहिल्या पद्धतीत प्रत्येकास हक्काची जागा मिळते, पण जागेपेक्षा जास्त माणसांना प्रवेश नसतो. दुसऱ्या पद्धतीत सर्वांना प्रवेश असतो, पण कोणासही पुरती जागा मिळण्याची हमी नसते. आसनाचा हात हा या दोन व्यवस्थांच्या सीमेवरचा खांब आहे. यांपैकी एक पद्धत सुधारलेली व दुसरी मागासलेली, असे म्हणणे पुरेसे नाही. कमी भाड्यात अनेकांना नेणे ही दुसरीचीच क्षमता आहे. मात्र तिचा भार बाकाच्या कडेला टेकलेल्या वृद्धाला किंवा कडेवर मूल घेतलेल्या स्त्रीला सर्वांत अधिक सोसावा लागतो.

सार्वजनिक बाक : उद्याने, रुग्णालये, बसस्थानके व रेल्वेफलाट यांवरील बाकांना मध्ये हात बसविण्याची पद्धत अलीकडे वाढली आहे. त्याची दोन कारणे दिली जातात. एक, प्रत्येकास उठताना आधार मिळतो व जागा सारखी वाटली जाते. दोन, कोणास बाकावर आडवे होता येत नाही. पहिले कारण सेवेचे, तर दुसरे प्रतिबंधाचे आहे. माणसांना थांबू न देण्यासाठीच केलेल्या अशा रचनांवर जगभर टीका झाली आहे. लंडनमधील कॅम्डेन येथे २०१२ मध्ये बसविलेला उतरत्या पृष्ठाचा काँक्रीटचा बाक हे त्याचे नेहमी दिले जाणारे उदाहरण होय.

भारतातील फलाटावर या प्रश्नाला वेगळे वळण मिळते. येथे बाकावर निजणारा माणूस बेघरच असतो असे नाही. पहाटेच्या गाडीची वाट पाहणारे यात्रेकरू, मोठ्या रुग्णालयाकडे निघालेला आजारी माणूस, गाडी चुकलेले कुटुंब यांना रात्र तेथेच काढावी लागते. मधले हात आल्यावर ते फरशीवर निजतात. दुसरीकडे, हात नसलेल्या ठेंगण्या बाकावरून गुडघेदुखी असलेल्या वृद्धेला कोणाचा तरी हात धरल्याखेरीज उठता येत नाही. दोघांचीही गरज खरी आहे आणि दोघेही त्याच फलाटावर असतात. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ या कायद्याने सार्वजनिक जागा सर्वांना वापरता येतील अशा करण्याचे बंधन घातले असल्याने हा केवळ सुतारकामाचा प्रश्न उरलेला नाही.

त्यावरील उपाय मात्र पुष्कळसा सुतारकामातच आहे. लांब बाकाला दोन्ही टोकांस व एकतृतीयांश अंतरावर एक असे हात दिल्यास एका भागात आधारासह बसता येते व उरलेल्या दोनतृतीयांश भागात दाटीने बसण्याची किंवा आडवे होण्याची सोय राहते. बाकाच्या एका टोकाचा हात गाळल्यास चाकांच्या खुर्चीतून त्यावर सरकता येते. वाहनांत मधले हात वर उचलता येण्याजोगे केल्यास आई व मूल यांची बैठक एक होते. अमेरिकेत तीस किंवा अधिक आसनांच्या नव्या विमानांत मार्गिकेलगतच्या किमान निम्म्या आसनांना असे हलते हात असावेत, असा नियम आहे. एकाच प्रकारचे बाक सर्वत्र बसविण्याऐवजी हातांचे व बिनहातांचे बाक जवळजवळ ठेवणे हा सर्वांत कमी खर्चाचा मार्ग होय.

कोणतेही सामायिक आसन निवडताना तेथे बसणारे कोण, ते किती वेळ बसणार आणि त्यांना कोणाच्या मदतीविना उठता येते किंवा नाही, या तीन गोष्टी प्रथम पाहाव्या लागतात. हाताची जागा, उंची व संख्या त्यांवरून ठरते. केवळ गर्दी आवरण्याच्या हेतूने बसविलेला हात बहुधा ज्यास आधाराची सर्वाधिक गरज असते, त्याच्याच उपयोगी पडत नाही.